कोल्हापूर ते जळगाव: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विमानतळ (उजळाईवाडी) आणि जळगाव विमानतळ ही महाराष्ट्रातली दोन लहान विमानतळे. एक पंचगंगेच्या खोऱ्यात, दुसरे तापीच्या. या दोघांमधले अंतर आणि विमानाला लागणारा वेळ याबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. आकडे या जोडीचे असले तरी रीत तीच राहते. नांदेड, सोलापूर, शिर्डी, सिंधुदुर्ग अशा कुठल्याही दोन विमानतळांना ती लावता येते.

दोन विमानतळांमधले हवाई अंतर किती?

४९८ किलोमीटर. सागरी मैलांत २६९, साध्या मैलांत ३०९.५.

हे अंतर शहरापासून शहरापर्यंतचे नाही. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो, बहुधा धावपट्टीच्या मध्याजवळ. त्या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जाणारी सर्वांत छोटी रेषा मोजायची. कोल्हापूरचा बिंदू १६ अंश ३९ मिनिटे ५३ सेकंद उत्तर, ७४ अंश १७ मिनिटे २२ सेकंद पूर्व. जळगावचा २० अंश ५७ मिनिटे ४३ सेकंद उत्तर, ७५ अंश ३७ मिनिटे ३६ सेकंद पूर्व.

एका ठिकाणी ४९६ दिसते, दुसऱ्या ठिकाणी ४९८. खरे कोणते?

दोन्ही खरी, फक्त पृथ्वीचा आकार दोन प्रकारे धरलेला आहे. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नितळ गोल मानली की ४९८ येतात. ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हे हिशेबात घेतले (जीपीएस याच आकारावर चालते) की ४९६ येतात. आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश सरासरी १११.२ ऐवजी सुमारे ११०.७ किलोमीटरचा भरतो. हा मार्ग बराचसा उत्तरेकडे जाणारा असल्याने सव्वाचार अंशांत दोन किलोमीटर कमी होतात. मार्ग पूर्व-पश्चिम असता तर उलटे झाले असते, चपट्या पृथ्वीवरचे अंतर थोडे जास्त निघाले असते.

प्रवाशाच्या दृष्टीने दोन किलोमीटर म्हणजे पंधरा सेकंदांचे उड्डाण. त्यावरून वाद घालू नये.

हे अंतर घरी काढता येईल का?

येईल, कागद-पेन्सिल आणि वर्गमूळ व कोसाइन काढणारे कॅल्क्युलेटर पुरते. महाराष्ट्राएवढ्या टापूत पुढची रीत जवळजवळ अचूक उत्तर देते.

आधी अंश-मिनिटे-सेकंद यांचे दशांश करा: मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३,६०० ने भागा आणि अंशांत मिळवा. कोल्हापूर १६.६६४७ आणि ७४.२८९४. जळगाव २०.९६१९ आणि ७५.६२६७.

अक्षांशांतला फरक ४.२९७२. त्याला १११.२ ने गुणले की ४७७.८ किलोमीटर, ही उत्तरेकडची चाल.

रेखांशांतला फरक १.३३७३. रेखावृत्ते उत्तरेला जवळ येत जातात, म्हणून इथे दोन्ही अक्षांशांच्या सरासरीची (१८.८१ अंश) कोसाइन लागते, ती ०.९४६६. म्हणजे १.३३७३ गुणिले ०.९४६६ गुणिले १११.२, उत्तर १४०.८ किलोमीटर. ही पूर्वेकडची चाल.

आता शाळेतला पायथागोरस. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ घ्या: ४९८.१.

माझे उत्तर ४८२ येते आहे. कुठे चुकले?

ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. १६ अंश ३९ मिनिटे ५३ सेकंद हे १६.३९५३ असे लिहिले गेले. मिनिटे शंभरात नसतात, साठात असतात. चारही आकडे असे सरळ दशांशात टाकले की नेमके ४८२ च्या आसपास उत्तर येते. घात असा की हे उत्तर पटण्यासारखे असते, त्यामुळे शंका येत नाही. पाच हजार आले असते तर लगेच लक्षात आले असते.

दुसरी चूक एक्सेलमध्ये होते. तिथली साइन आणि कोसाइन अंश ओळखत नाहीत, रेडियन मागतात. प्रत्येक अंशाला आधी पाय भागिले १८० ने गुणा, नाहीतर उत्तर भलतेच येते.

तिसरी चूक कोसाइन विसरण्याची. मग पूर्वेकडची चाल १४०.८ ऐवजी १४८.७ होते आणि एकूण अंतर दोन किलोमीटरने फुगते. या मार्गावर ते खपून जाते, पण मुंबई-नागपूरसारख्या आडव्या मार्गावर हीच चूक चाळीसएक किलोमीटरची होते.

मग विमान ४९८ किलोमीटरच उडते का?

नाही. सरळ रेषा ही किमान मर्यादा आहे. विमानाला धावपट्टीच्या दिशेने उडावे लागते, मग वळून मार्गाला लागावे लागते आणि शेवटी पुन्हा वळून दुसऱ्या धावपट्टीसमोर यावे लागते. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५ आहे, म्हणजे तिची तोंडे साधारण ७० आणि २५० अंशांना. जळगावची ०९/२७, थेट पूर्व-पश्चिम. प्रवासाची दिशा मात्र १६ अंश, म्हणजे उत्तरेच्या किंचित पूर्वेला. दोन्ही धावपट्ट्या मार्गाला जवळजवळ आडव्या पडतात.

वारा पश्चिमेचा असेल तर कोल्हापुरातून विमान पश्चिमेकडे तोंड करून उठते आणि उजवीकडे सव्वाशे अंश वळते. जळगावला दक्षिणेकडून येऊन पूर्वेच्या बाजूने वळसा घेत धावपट्टी २७ समोर उभे राहते. शिवाय हवाई मार्गांवरचे ठरलेले बिंदू, पुण्याच्या लोहगावसारखे हवाई दलाचे क्षेत्र, लष्कराच्या गोळीबार सरावाचे टापू यांमुळेही रेषा वाकते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या कार्बन गणनेत ५५० किलोमीटरपेक्षा छोट्या मार्गांसाठी सरळ अंतरात ५० किलोमीटर मिळवतात. इथे तीच रीत लावा: ५४८ किलोमीटर, म्हणजे २९६ सागरी मैल. वेळेचा हिशेब याच आकड्यावर करायचा.

उड्डाणाला किती वेळ लागतो?

एटीआर-७२ सारख्या पंख्याच्या विमानाला हवेत सुमारे सव्वा तास. तिकिटावर छापला जाणारा वेळ मात्र १ तास २५ मिनिटांच्या आसपास असायला हवा.

या विमानाचा कमाल प्रवासी वेग ताशी ५१० किलोमीटर (२७५ नॉट; नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). ४९८ भागिले ५१० केले तर ५९ मिनिटे येतात, म्हणून बऱ्याच जणांची अपेक्षा एका तासाची असते. उरलेली मिनिटे कुठे जातात ते पाहण्यासारखे आहे.

इंजिन सुरू करून निघणे, धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे: ६ ते ७ मिनिटे. लहान विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सी-मार्ग (विमान जमिनीवरून चालवत न्यायची वाट) बहुधा नसतो. मग विमान धावपट्टीवरूनच उलटे टोकापर्यंत जाते, तिथे गर्रकन वळते आणि मग धाव घेते. वैमानिक याला बॅकट्रॅक म्हणतात. यात तीन-चार मिनिटे जातात आणि तेवढा वेळ दुसऱ्या कुठल्याही विमानाला धावपट्टी मिळत नाही.

चढाई: १७ मिनिटे. कोल्हापूर विमानतळ आधीच सुमारे २,००० फुटांवर आहे. तिथून १९,००० फुटांपर्यंत मिनिटाला सरासरी हजार फूट. चढताना वेग कमी असतो, सरासरी २०० नॉट. म्हणजे या सतरा मिनिटांत ५७ सागरी मैलच कापले जातात.

समतल प्रवास: २७० नॉटने १६० सागरी मैल, ३६ मिनिटे. पूर्ण वेगाचा काळ एवढाच.

उतरण: १३ मिनिटे. जितके हजार फूट उतरायचे, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरायला लागायचे असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. अठरा हजार फुटांसाठी ५४ सागरी मैल.

धावपट्टीशी जुळवून उतरणे: ९ ते १० मिनिटे, २५ सागरी मैल. खाली आल्यावर बॅकट्रॅक आणि विमान उभे करणे: ४ मिनिटे.

बेरीज ८६ मिनिटे. त्यात पूर्ण वेगाने उडणे निम्म्याहून कमी.

तिकिटावरचा वेळ आणि हवेतला वेळ वेगळा का?

वेळापत्रकात ब्लॉक टाइम छापतात. विमानाच्या चाकांखालचे अडसर काढल्यापासून दुसऱ्या विमानतळावर ते परत लावेपर्यंतचा हा वेळ. त्यावर कंपन्या पाच-दहा मिनिटांची उसंतही ठेवतात, कारण एकच विमान दिवसभरात सहा-आठ फेऱ्या करते आणि सकाळी साचलेला उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो. ‘विमान दहा मिनिटे आधी पोहोचले’ ही घोषणा बहुधा या उसंतीमुळे होते.

काही संकेतस्थळे १ तास ७ मिनिटे सांगतात. ते कसे येते?

एक ठरावीक सूत्र आहे: ताशी ५०० मैल वेग धरा आणि चढ-उतारासाठी सरसकट ३० मिनिटे मिळवा. ३०९.५ भागिले ५०० म्हणजे ३७ मिनिटे, अधिक ३०, झाले १ तास ७ मिनिटे. ताशी ५०० मैल हा मोठ्या जेटचा वेग आहे. अशी विमाने या दोन धावपट्ट्यांमध्ये रोजची सेवा देत नसतात. मुंबई-दिल्लीसाठी हे सूत्र बरे उत्तर देते, लहान विमानतळांच्या जोडीसाठी देत नाही.

जेट विमान असेल तर किती वाचतात?

पन्नास आसनी एम्ब्रेअर-१४५ किंवा ७६ आसनी एम्ब्रेअर-१७५ असेल तर हवेतला वेळ साधारण ५५ मिनिटांवर येतो, म्हणजे वीस मिनिटांची बचत. वेग दीडपट होऊनही एकूण वेळ चौथ्या हिश्श्यानेच घटतो, कारण टॅक्सी, वळणे आणि धावपट्टीशी जुळवणे यांना लागणारी मिनिटे दोघांनाही सारखीच.

अंतर कमी केले तरी हाच अनुभव येतो. कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर ३०९ किलोमीटर, जळगावपेक्षा जवळपास ३८ टक्क्यांनी कमी. एटीआरचा वेळ मात्र २७ टक्क्यांनीच कमी होतो, कारण कापली गेली ती फक्त समतल प्रवासाची २३ मिनिटे.

जाताना आणि येताना वेळ वेगळा लागतो का?

दोन-तीन मिनिटांचा फरक पडतो. हिवाळ्यात महाराष्ट्रावर १९-२० हजार फुटांवर पश्चिमेचे वारे असतात. वारा ४० नॉटचा धरला तर तो या मार्गाला बराचसा आडवा लागतो. जळगावकडे जाताना त्यातले ११ नॉट पाठीशी येतात. पण वाहून जाऊ नये म्हणून विमानाला आठ अंश डावीकडे तोंड ठेवून उडावे लागते आणि त्यात ३ नॉट जातात. निव्वळ फायदा ८ नॉट, म्हणजे एक मिनिट. परतताना तेच ११ समोरून आणि वर ३ चा तोटा, म्हणजे दोन मिनिटे जास्त. पावसाळ्यात आणखी वरच्या थरांत वारे पूर्वेचे होतात, पण एटीआर तेवढे वर जात नाही.

मुंबई-नागपूरसारख्या पूर्व-पश्चिम मार्गावर हाच वारा दहा-पंधरा मिनिटांचा फरक पाडू शकतो. तिथला अनुभव इथे लावू नये.

किती उंचीवरून उडते?

जाताना १७, १९ किंवा २१ हजार फूट. येताना १६, १८ किंवा २० हजार. ० ते १७९ अंशांच्या दिशेने जाणारी विमाने विषम हजारांवर आणि १८० ते ३५९ अंशांची सम हजारांवर, असा नियम आहे. समोरासमोर येणाऱ्या विमानांत त्यामुळे आपोआप हजार फुटांचे अंतर राहते. एटीआरची कमाल उंची २५,००० फूट. एवढ्या छोट्या मार्गावर तिथवर चढण्यात इंधन आणि वेळ दोन्ही वाया जातात.

उन्हाळ्यात जळगावहून निघताना सामान मागे ठेवल्याचे ऐकतो. ते का?

तापलेली हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते.

जळगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून फक्त ८४० फुटांवर आहे. प्रमाण हवामानात (विमानांच्या हिशेबासाठी ठरवून घेतलेल्या हवेत) तिथे १३ अंश तापमान अपेक्षित असते. मे महिन्यात दुपारी पारा ४४ वर गेला की फरक ३१ अंशांचा. प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट या हिशेबाने विमानाला ते विमानतळ ४,५०० फुटांवर असल्यासारखे वाटते. कोल्हापूर १,९९६ फुटांवर, पण मेमध्ये ३६ अंश धरले तरी तेही ५,००० फुटांच्या घरात जाते. जळगाव सखल असूनही उन्हाळ्यात दोघे जवळपास एकाच पंगतीत बसतात ते खानदेशच्या उन्हामुळे.

एटीआर-७२ ला पूर्ण वजनासह, समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात साधारण १,३०० मीटर धावपट्टी लागते. ४,५०० फुटांच्या विरळ हवेत ही गरज बरीच वाढते, आणि जळगावची धावपट्टी १,७०० मीटर आहे. वजन कमी करणे हाच उपाय उरतो. इंधन आधीच गरजेपुरते घेतलेले असते, म्हणून कात्री सामानावर आणि मग आसनांवर चालते. ज्या विमानतळावर इंधन भरायची सोय नसते तिथे परतीचेही इंधन आधीच भरून न्यावे लागते, आणि अडचण दुप्पट होते.

मे महिन्यात पर्याय असेल तर सकाळचे विमान घ्या. हवा थंड असते, वजनाची कपात टळते आणि दुपारच्या तापलेल्या हवेतले धक्केही कमी बसतात. कोल्हापूरची धावपट्टी पूर्वी १,३७० मीटरच होती. ती वाढवण्यामागचे एक मोठे कारण हेच गणित होते.

पावसाळ्यात या मार्गाचे काय होते?

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरकडचे टोक नाजूक असते. सह्याद्री ओलांडून आलेले ढग उजळाईवाडीच्या माळावर खाली टेकतात. धावपट्टी डोळ्यांनी पाहून उतरायचे असेल तर ५ किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांचा तळ १,५०० फुटांवर लागतो. उपकरणांच्या मदतीने उतरण्याची व्यवस्था असेल तर ही मर्यादा खाली येते, पण लहान विमानतळांवर ती मोठ्यांइतकी खाली नसते.

जळगावला अडचण वेगळ्या मोसमात येते. मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला दुपारनंतर वळवाचे गडगडाटी ढग उठतात. ते टाळायला विमान तीस-चाळीस किलोमीटरचा वळसा घेते, म्हणजे चार-पाच मिनिटे.

उतरता आले नाही तर विमान कुठे जाते?

जळगावसाठी सर्वांत जवळचा सोयीचा पर्याय छत्रपती संभाजीनगर, हवाई अंतर १२५ किलोमीटर. कोल्हापूरसाठी बेळगाव ९६ किलोमीटर, पुणे २१७ किलोमीटर. पर्यायी विमानतळ निघण्यापूर्वीच कागदावर ठरलेला असतो. विमानात मार्गाचे इंधन, त्याच्या पाच टक्के वर, पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि शिवाय अर्धा तास घिरट्या घालता येईल एवढे इंधन असते. या मार्गावर एटीआरचे प्रत्यक्ष प्रवासाचे इंधन सुमारे ८०० किलो, पण निघताना टाकीत चौदाशे-पंधराशे किलो तरी असते.

पर्यायी विमानतळावर गेल्यावर पुढे काय, हे घड्याळावर ठरते. लहान विमानतळांवर एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) कामाचे तास ठरलेले असतात. ते संपत आले असतील तर हवा निवळली तरी विमान परत येत नाही आणि बसने पाठवणी होते. दिवसाची शेवटची फेरी निवडताना हे लक्षात असावे.

थेट विमान आहे का? नसेल तर कसे जायचे?

प्रादेशिक मार्ग हंगामागणिक बदलतात. वेळापत्रकाचे दोन हंगाम असतात: उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. ऑक्टोबरमध्ये दिसलेले विमान नोव्हेंबरमध्ये असेलच असे धरू नका. तिकिटांच्या एकत्रित संकेतस्थळांवर लहान कंपन्यांची विमाने कधीकधी दिसत नाहीत, म्हणून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधा. शोधताना कोल्हापूरसाठी केएलएच आणि जळगावसाठी जेएलजी हे संकेत वापरा. केओपी आणि जेएल हे रेल्वे स्थानकांचे संकेत आहेत, ते इथे चालत नाहीत.

थेट नसेल तर दोन स्वाभाविक मार्ग. मुंबईमार्गे ३०९ अधिक ३५६, एकूण ६६५ किलोमीटर. हैदराबादमार्गे ४४५ अधिक ५०८, एकूण ९५३ किलोमीटर. मुंबईमार्गे अंतर कमी, पण तिथे गर्दीमुळे विमान घिरट्या घालते आणि टर्मिनल बदलायला लागू शकते. दोन्ही उड्डाणे एकाच पीएनआरवर असतील तर सामान सरळ पुढे जाते आणि पहिल्याच्या उशिरामुळे दुसरे चुकले तर जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी तिकिटे असतील तर सामान बाहेर घेऊन पुन्हा द्यावे लागते आणि काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. अशा वेळी मध्ये किमान तीन तास ठेवा.

रस्त्याने किंवा रेल्वेने किती?

पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या वाटेने रस्ता सुमारे ६२० ते ६४० किलोमीटर, अकरा ते तेरा तास. रेल्वेने मिरज, पुणे, दौंड, मनमाड असे वळत सुमारे ८०० किलोमीटर. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस हा थेट पर्याय, दुपारी निघून रात्रभराचा प्रवास.

थेट विमान असेल तर घरापासून दारापर्यंत चार तास धरा: विमानतळापर्यंत अर्धा तास, तिथे सव्वा तास, ब्लॉक टाइम १ तास २५ मिनिटे, बाहेर पडून शहरात पोहोचायला पाऊण-एक तास. मध्ये एक विमान बदलायचे आणि तीन तासांची वाट असेल तर हा आकडा आठ-नऊवर जातो. मग रात्रीच्या रेल्वेचा विचार करायला हरकत नाही.

भाड्याचा आणि अंतराचा संबंध आहे का?

उडान या केंद्र सरकारच्या प्रादेशिक विमानसेवेच्या योजनेत आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतली पहिली विमाने उडाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होते. जळगावला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एकोणीस आसनी विमानाने सुरुवात झाली. सुमारे ५०० किलोमीटर किंवा एका तासाच्या प्रवासाला २,५०० रुपये ही योजनेची मूळ मर्यादा. पुढे ती सुधारत गेली आणि कर-शुल्क त्यावर वेगळे. ४९८ किलोमीटर या टप्प्यात नेमके बसतात. मात्र ही मर्यादा योजनेत दिलेल्या मार्गांवरच्या ठरावीक आसनांनाच लागू असते. बाकीची आसने बाजारभावाने जातात, म्हणून लवकर आरक्षण करणाऱ्याला फायदा.

ब्लॉक टाइम माहीत असून प्रवाशाला काय उपयोग?

भरपाई त्यावर ठरते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, वेळेत न कळवता उड्डाण रद्द केले तर ब्लॉक टाइम एका तासापर्यंत असल्यास ५,००० रुपये, एक ते दोन तासांमध्ये असल्यास ७,५०० आणि दोन तासांहून जास्त असल्यास १०,०००. किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांत जे कमी असेल ते. ८६ मिनिटांचे हे उड्डाण मधल्या गटात येते. दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल तर खाणे-पिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. खराब हवामान आणि एटीसीमुळे झालेल्या अडचणींना रोख भरपाई लागू होत नाही.

विमानात कुठली बाजू घ्यावी, खाली काय दिसते?

एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे जमीन बहुतेक आसनांवरून मोकळी दिसते. चढायचे दार मागे असते आणि सामानाचा एक कप्पा पुढे. मागच्या आसनांवरचे प्रवासी आधी उतरतात. डोक्यावरचे कप्पे लहान असल्याने चाकांची कडक बॅग त्यात मावत नाही, दाराशीच काढून घेतात. औषधे आणि कागदपत्रे पाठपिशवीत ठेवा.

रेषा बारामतीच्या थोडी पूर्वेने जाते. मग भिगवणजवळ उजनीचा फुगवटा लागतो. अहिल्यानगर डावीकडे तीसएक किलोमीटरवर राहते, पुढे पैठणच्या वरच्या अंगाला नाथसागर ओलांडला जातो आणि छत्रपती संभाजीनगर उजव्या हाताला अगदी जवळ येते. ते मागे पडले की थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज मंदावतो. उतरण सुरू झाली. अजून २२-२३ मिनिटे. अजिंठ्याचे डोंगर उजवीकडे, आणि त्यापलीकडे जमीन एकदम खाली जाते ती तापीच्या खोऱ्यात. सकाळच्या विमानात उजव्या बाजूला ऊन येते, म्हणून फोटो काढायचे असतील तर डावी बाजू बरी.

दोन्ही ठिकाणच्या घड्याळात फरक आहे का?

नाही. सूर्य मात्र जळगावच्या रेखांशावर सव्वापाच मिनिटे आधी माथ्यावर येतो.

एका प्रवाशामागे किती कार्बन?

८०० किलो इंधन गुणिले ३.१६ (एक किलो इंधनामागे निघणारा वायू, किलोंत), म्हणजे सुमारे २,५३० किलो कार्बन डायऑक्साइड. ७८ आसनांपैकी ५५ भरली असतील तर माणशी ४६ किलो. लिटरला १५ किलोमीटर देणारी डिझेल गाडी ६३० किलोमीटरला सुमारे ११३ किलो सोडते. गाडीत चौघे असतील तर माणशी २८, एकटाच असेल तर सगळे ११३ त्याच्याच नावावर.